टँकरच्या वहीतली सही

माझ्या आईला सही करायला मी शिकवलं. या गोष्टीचा आधी मला फार अभिमान वाटायचा, मग त्याच गोष्टीची लाज वाटायला लागली, आणि आता ती आठवली की नुसता संताप होतो. कुणावर, तेच सांगायला बसले आहे.

मी तेव्हा सातवीत होते. उन्हाळा होता, आई-वडील ऊसतोडीहून नुकतेच परत आले होते. तोवर आईचा सगळा कारभार अंगठ्यावर चालायचा. रेशनच्या दुकानात अंगठा, बचत गटात अंगठा. अंगठा उठवून झाला की आमच्याकडच्या बायका बोटाची शाई डोक्याच्या केसांना पुसतात. आईला ते अजिबात आवडायचं नाही. "डोकं काय फडकं हाय का?" म्हणायची, शाई तशीच बोटावर घेऊन घरी यायची आणि राखेनं अंगठा घासत बसायची. एक दिवस घासता घासता मला म्हणाली, "मला माझं नाव लिव्हायला शिकीव."

पाटी घेऊन आम्ही अंगणात बसलो. मला वाटलं होतं, रीतसर बाराखडीपासून सुरुवात करावी. मी मोठी मास्तरीण! पण तिला तेवढी सवड नव्हती. तिला आख्खं नाव एकदम हवं होतं, दुसरीच्या गोधडीवरचा टाका बघून उचलतात तसं. आणि लिहायची ती उलटी. आधी वरची लांब रेघ ओढायची, मग तिच्याखाली एकेक अक्षर काढायची. रेघ नेहमी जास्तच लांब व्हायची, शेवटचं अक्षर संपलं तरी पुढं बोटभर उरायची. मी म्हटलं, "अगं, आधी अक्षरं काढायची, रेघ शेवटी."

"आधी दोरी बांधावी लागती बाई," ती म्हणाली, "मंग धुणं वाळू घालावं."

आठ दिवसांत सही बसली. आमच्या वस्तीवर सही करणारी ती पहिली बाई. माझी आत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, नवरा वारल्यापासून आमच्यातच राहायची. ती आईला चिडवायला लागली, "या तहसीलदारीणबाई, दोन भाकरी टाकता का?" आई हसायची आणि टाकायची.

आमची वस्ती गावापासून दीड कोस लांब, शिरूर कासारच्या बाजूला, उघड्या माळावर. दसरा झाला की अर्धीअधिक वस्ती ट्रकमध्ये बसून कारखान्यांच्या मुलखात जायची ती थेट पाडव्याच्या आसपास परतायची. मागं उरायची म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. जायच्या आधीचे आठ दिवस आई नुसती भिरभिरत असायची. मागं राहणाऱ्यांसाठी सहा महिन्यांचं सगळं रचून ठेवायचं. सरपण फोडून भिंतीला लावायचं, गोवऱ्यांचा ढीग झाकायचा, तिखट कुटून डबे भरायचे, ज्वारी निवडून पोत्यांची तोंडं शिवायची. आपण नसताना आपलं काम आधीच करून ठेवायचं, ही आमच्याकडच्या बायकांची रीतच आहे. ही रीत लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातूनच झाला.

मी दहावीत गेले त्या वर्षी पाऊस आलाच नाही. पोळ्यालाच विहिरीचा तळ दिसला. दसऱ्याच्या आधी टँकर मंजूर झाला, आमच्या वस्तीला रोज दोन खेपा. पैसा सरकारचा, पण टँकरचा ठेका सरपंचाच्या मेहुण्याकडे. सरपंच मोठे बागायतदार, वर सहकारी साखर कारखान्याचे संचालक. दुष्काळात त्यांच्या घरात कामांची मात्र चंगळ होती.

टँकरबरोबर एक वही यायची. नियम असा होता, की खेप आली की वस्तीतल्या दोन बायकांनी वहीत सही करायची. पाणी बायका भरतात, तेव्हा पाणी आलं की नाही हे बायकांनीच सांगावं. कुठल्यातरी शहाण्या माणसानं केलेला नियम असणार. मला तो आजही पटतो. त्या वहीवरच ठेकेदाराचं बिल निघायचं. वस्तीवरून दोघींची नावं गेली. एक आमची शेजारीण, ती अंगठा उठवायची. दुसरी माझी आई. टँकरचा ड्रायव्हर तिच्यासमोर वही धरायचा, ती पदराला हात पुसून सही करायची, आणि वस्तीतली पोरं ती लांब रेघ बघायला गोळा व्हायची. मी बाजूला उभी राहून मान ताठ करायची.

दसरा झाला. आई-वडील गेले, शेजारीणही गेली.

पहिले पंधरा दिवस रोज एक खेप आली. एक का, दोन का नाही, असं आत्यानं ड्रायव्हरला विचारलं, तर तो म्हणाला, "वरूनच पाणी कमी हाय, मावशे." मग दिवसाआड यायला लागली. मग तिसऱ्या दिवशी, मग चौथ्या. थंडीच्या दिवसांत आमची ही गत, तर उन्हाळ्याचं काय, या विचारानं आत्याला घास जाईना. मी शाळेत जायच्या आधी नाल्यापलीकडच्या एका शेतातल्या विहिरीवर जायची. मालक चांगला होता, दोन हंडे घेऊ द्यायचा, तिसऱ्याला हात जोडायचा. त्याचं त्यालाच पुरत नव्हतं.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, आणि शाळेच्या पटांगणात लगेच ग्रामसभा भरली. मी मुद्दाम थांबले. मी आजवर ग्रामसभा बघितली नव्हती. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात वाचली होती, तिच्यात म्हणे गावाचा पैसा कुठं खर्च होतो ते कुणीही विचारू शकतं. परीक्षेत चार गुणांना यायचा तो प्रश्न. मला चारपैकी चार मिळाले होते.

पटांगणात पंधरा-वीस माणसं असतील. गाव उसाच्या फडात आणि पुढच्या वर्षाचा गावाचा आराखडा इथं पटांगणात. ही वेळ कुणी ठरवली? आमच्या जिल्ह्यातली निम्मी माणसं घरी नसतात, हे साऱ्या जगाला ठाऊक आहे. तरी पुढच्या वर्षी गावात काय करायचं हे नेमकं तेव्हाच ठरतं. मागं पंचायतीच्या भिंतीवर निळ्या रंगात सुरेख चौकटी आखलेल्या होत्या: कामाचं नाव, मंजूर रक्कम, झालेला खर्च, शिल्लक. वर मोठ्या अक्षरांत 'पारदर्शक कारभार'. रंगवल्यापासून त्या चौकटींत एक आकडा कुणी लिहिला नव्हता. तशा त्या पारदर्शकच होत्या म्हणायच्या, आरपार भिंत दिसायची.

ग्रामसेवकाला आमच्याकडे भाऊसाहेब म्हणतात. भाऊसाहेब अंदाजपत्रक वाचत होते ते इतक्या वेगात, की जणू घरी दूध उतू चाललंय. प्रत्येक कलमाशेवटी "सर्वानुमते?" आणि दोन-तीन आवाज, "सर्वानुमते." टेबलाखाली जिलेबीचं पातेलं झाकून ठेवलेलं, लोकांचं लक्ष तिकडं. मग वाचलं ते असं. आमच्या वस्तीला नळाची पाइपलाइन करायची मागणी आहे, परंतु वस्तीला टँकरनं रोज दोन खेपा पाणी नियमित मिळत असल्यानं निकड नाही. सबब ते काम पुढं ढकलून तो निधी गावाच्या स्वागत कमानीकडं वळवावा. "सर्वानुमते?"

मी उभी राहिले. म्हटलं, "भाऊसाहेब, वस्तीवर दोन खेपा येत न्हाईत. चौथ्या दिवशी एक येती."

सगळे वळून बघायला लागले. सरपंच खुर्चीत जरा पुढं सरकले. "कुणाची गं तू?"

मी सांगितलं.

"हां, हां. दाखवा हो भाऊसाहेब तिला वही. शिकलेली पोरगी हाय, वाचंल."

वही माझ्यासमोर धरली. चोवीस जानेवारी. खेप पहिली, सकाळी. खेप दुसरी, दुपारी. दोन्हींपुढं एक अंगठा आणि एक सही. लांब रेघ, तिच्याखाली अक्षरं, आणि शेवटी बोटभर उरलेली रेघ.

"ही सही कुणाची?" सरपंचांनी विचारलं. आवाज अगदी मऊ.

"आईची."

"मंग? आईनं खोटं लिव्हलं का तू खोटं बोलतीस? सरकारी कागद हाय बाई. दोघींतल्या एकीवर तर कारवाई करावी लागंल. बोल, कुणावर करू?"

लोक हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "दे रे तिला आधी जिलेबी, भूक लागलीय पोरीला."

आई त्या दिवशी तिथं नव्हती. चोवीस तारखेला ती तीन जिल्हे ओलांडून कुणाच्यातरी फडात मोळ्या बांधत होती, हे त्या पटांगणातल्या प्रत्येकाला माहीत होतं. मला एवढंच म्हणायचं होतं. पण मी ते म्हटलं असतं तर खोट्या कागदावर सही करणारी म्हणून आईच अडकली असती. हे मला त्या एका क्षणात कळलं, सोळाव्या वर्षी, चार गुणांच्या प्रश्नाची तयारी करून आलेल्या मला. मी खाली बसले. भाऊसाहेब म्हणाले, "सर्वानुमते." मग कागदावर जिलेबी मिळाली आणि ती मी घेतली. घरी नेऊन आत्याला दिली, पण घेतली. त्याचाही मला अजून राग येतो.

त्या दिवसापासून मी आईवर धुमसत होते. तिकडं फोन मुकादमाकडेच असायचा. आमची टोळी त्याच्या हाताखाली, हंगामाची आगाऊ उचल त्याच्याकडून, बोलणंही त्याच्यासमोर. आठवड्यातून एकदा आईचा आवाज यायचा, "पानी येतंय का गं?" आणि मी दात दाबून म्हणायची, "येतंय." दुसरं काय म्हणणार? दहावीच्या गणिताच्या पेपराच्या आदल्या दिवशी मी सकाळपासून दुपारपर्यंत विहिरीच्या रांगेत होते. पास झाले, पण कशी ते विचारू नका.

पाडव्याच्या तोंडावर कारखाने बंद झाले, टोळी परतली. लांबून आलेल्या माणसाच्या हातात आधी पाण्याचा तांब्या द्यायचा असतो. मी आईला अर्धा तांब्या दिला आणि म्हटलं, "एवढंच हाय. बाकीच्याची तू सही केलीस."

तिला आधी कळलंच नाही. सहा महिन्यांत ती काळवंडून अर्धी झाली होती, हातावर पाचटानं कापलेल्याचे वण होते. तशा अवस्थेत तिला मी हे ऐकवलं. आत्या मला मारायला धावली. आई तांब्या हातात धरून उंबऱ्यातच बसली आणि मग तिनं सगळं सांगितलं. जायच्या आठ दिवस आधी ड्रायव्हर वही घेऊन आला होता. म्हणाला, सहीवाली बाई परगावी गेली की टँकर बंद होतो. दुसऱ्या बाईचं नाव घालायचं तर ठराव लागतो, त्यात महिना-दोन महिने जातात.

"मंग तू साळेत गेल्यावर मी शेजारणीकडं दोन दिवस बसून सारी वही भरून दिली," आई म्हणाली. "शेजारणीनं अंगठे दिले. सरपन रचलं, तिखटमीठ भरलं, तशा सह्या बी करून ठिवल्या. तुमाला पानी पुरावं म्हणून. हात दुखून आला माझा."

"पण कोऱ्या कागदावर सही कावून केलीस?" मी ओरडले. "कोरा कागद दिसत न्हाई का?"

तिनं माझ्याकडं बघितलं. ती चिडली नव्हती, ते जास्त लागलं. "दिसतो की. पण लिव्हलेला असता, तर मला काय वाचता आला असता?"

मी तिला सही शिकवली होती. वाचायला शिकवलं नव्हतं. तिला सवड नव्हती हे खरं, पण मलाही तेवढ्यातच धन्य वाटलं होतं. आधी मला वाटायचं, आईनं मला तोंडघशी पाडलं. त्या उंबऱ्यात मला कळलं, की आधी मी तिला पाडलं होतं.

त्यानंतर माझ्यापेक्षा तीच जास्त पेटली. एक मेला पुन्हा ग्रामसभा होती, तेव्हा गाव भरलेलं असणार होतं. ती म्हणाली, मी उभी राहून सांगते, सही माझी हाय, पण मी त्या दिवशी हितं नव्हते. पाण्याचे पैसे कुठं गेले ते मग त्यांनी सांगावं. मी म्हटलं, पुरावा मागतील. "मंग देऊ की," ती म्हणाली. "सहा म्हैने काय मी हवेत होते?"

आम्ही दोघी मुकादमाकडे गेलो. त्यानं बरी वागणूक दिली, चहा सांगितला, वही काढली. वहीत वडिलांचं नाव होतं. कारखान्याच्या वजनाच्या पावत्या दाखवल्या. त्यांवर उसाचं वजन होतं, वाहनाचा नंबर होता, ज्याचा ऊस त्या शेतकऱ्याचं नाव होतं, मुकादमाचं नाव होतं. आईचं नाव कुठंच नव्हतं.

"बाईचं नाव कशाला लागतंय?" मुकादम म्हणाला. तोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडे मिळून एक 'कोयता' म्हणतात. "कोयता म्हणलं की दोघं आलीच की त्यात."

"मंग अर्धा कोयता मी हाय," आई म्हणाली. "त्या अर्ध्याचं नाव काय हाय?"

मुकादम हसला. त्याला ती गंमत वाटली.

बघा ना, काय न्याय आहे. जिथं ती सहा महिने अंधारात उठून थंडीत राबली, मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढली, तिथल्या एकाही कागदावर ती नाही. आणि जिथं ती नव्हती, तिथं रोज दोनदा हजर. सहकारी कारखाना म्हणे सगळ्यांचा असतो. माझ्या आईपुरतं त्याच्याकडं चिटोरं नव्हतं.

एक मेला पटांगण भरलं होतं. दारातच शिपाई हजेरीची वही घेऊन बसला होता. आईनं पदराला हात पुसून सही केली आणि आत गेली. पाण्याचा विषय निघाला तशी ती उठली. पदर नीट केला आणि एका दमात सगळं बोलली. कोऱ्या वहीवर सही केली ही चूक माझी, पण दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत मी उसाला गेलते. मी नसताना माझ्या नावानं आलेलं पाणी कुणी पिलं, ते सांगा. इतकी सरळ मागणी मी त्यानंतर कुठल्या अर्जात वाचली नाही, आणि अर्ज मी हजारांनी बघितले आहेत.

सरपंच म्हणाले, "वहिनी, तुमी नव्हत्या, याचा काही पुरावा?"

"ही सारी वस्ती सांगंल," आई म्हणाली आणि वळली.

आमची सगळी वस्ती तिथं बसलेली होती. ज्यांच्याबरोबर तिनं एका चुलीवर चहा केला होता ते सगळे. पण लिंबाखाली मुकादम उभा होता आणि पुढच्या दसऱ्याची उचल त्याच्याच हातात होती. माना खाली गेल्या. कुणी चप्पल नीट करायला लागलं, कुणी पोराचं नाक पुसायला लागलं. मी त्यांना तेव्हा मनातल्या मनात लाखोली वाहिली. आता वाहत नाही, पण विसरलेही नाही. वडील तेवढे उठले. आयुष्यात कधी चारचौघांत न बोललेला माणूस. "माझ्यासंगंच होती," एवढंच म्हणाले. "नवरा तर म्हननारच," कुणीतरी बोललं आणि पटांगण हसलं.

"ठीक हाय, ठीक हाय," सरपंच म्हणाले. "वहिनींचं म्हणणं लिहून घ्या, भाऊसाहेब." भाऊसाहेबांनी मान हलवली आणि काहीतरी लिहिलं. आई मला म्हणाली, "लिव्हलं बघ त्यांनी." तिला बरं वाटलं होतं. लिहिलं म्हणजे झालं, असं तिला वाटायचं.

त्यानंतर आठ दिवस रोज दोन टँकर आले. त्या आठ दिवसांत वस्तीवरच्या बायकांनी डोकी धुतली. नवव्या दिवसापासून पुन्हा पहिल्यासारखं. पाइपलाइन झाली नाही, कमान झाली. त्या उन्हाळ्यात आई म्हणाली, आता मला वाचायला शिकीव. या वेळी मी अ आ इ पासून शिकवलं. तिनं मोठ्यानं वाचलेलं पहिलं वाक्य होतं त्या कमानीवरचं, सरपंचांच्या नावासकट. वाचून झाल्यावर ती कमानीखालून न जाता बाजूच्या बांधावरून गेली, आणि पुढं कायम बांधावरूनच जायची.

आज तालुक्याच्या गावी माझं झेरॉक्स आणि अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. लोक माहितीच्या अधिकाराचे अर्ज लिहून घ्यायला येतात. कुणाचं शेततळं कागदावर खोदलेलं, कुणाच्या नावानं चारा-छावणीत त्यानं कधी न बघितलेली जनावरं चरून गेलेली. मी फटाफट लिहिते. स्वतःचा अर्ज मात्र मी आई गेल्यावर केला. तिचं दिवसपाणी झालं आणि माझ्या लक्षात आलं, की तिच्या हातचं अक्षर माझ्याकडं नाही. वाचायला शिकली, पण लिहायला तिला कधी कारण पडलं नाही. बचत गटाची वही उंदरांनी खाल्ली होती. म्हणून मी त्या वर्षीची टँकरची वही आणि एक मेच्या सभेचं इतिवृत्त मागितलं. आधी उत्तर आलं, आढळून येत नाही. मी अपील केलं. मग इतिवृत्त सापडलं, वही मात्र अर्धीच आढळली.

इतिवृत्तात असं लिहिलेलं होतं: 'पाणीपुरवठ्याबाबत वस्तीवरील महिलांनी समाधान व्यक्त केले. सर्व विषय सर्वानुमते मंजूर.' खाली उपस्थितांच्या सह्या. त्यांत ती लांब रेघ. दारातच घेतलेली, तिनं तोंड उघडायच्या आधी. मी दुकानात गिऱ्हाइकांसमोर इतक्या वाईट शिव्या दिल्या, की शेजारचा चहावाला धावत आला.

वहीची पानंही आली. एकेका पानावर आईच्या सह्या, सकाळ-दुपार, सकाळ-दुपार. पहिल्या पानांवर अक्षर ठसठशीत, पुढं पुढं हात थकलेला, रेघ वाकडी. एकाही पानाची तारीख खरी नाही. सही मात्र प्रत्येक ठिकाणी खरी आहे, आणि ह्या कागदांपलीकडं तिच्या हातचं जगात दुसरं काही उरलेलं नाही. ते कागद फाडावेत असं मला वाटतं आणि फाडता येत नाहीत. त्यांनी माझ्या आईला चोरीच्या कागदात ठेवलं, आणि भेटायचं तर मला तिथंच जावं लागतं. याचा राग कुठं नेऊ, सांगा.

उरलेल्या पानांसाठी मी पुन्हा अपील केलं, म्हणून परवा सुनावणी होती. साहेब नवे, तरुण, घाईत. कागद चाळून म्हणाले, "ताई, किती जुनं प्रकरण आहे हे. सही तुमच्या आईचीच आहे ना?"

तोच प्रश्न, तसाच मऊ आवाज. पण आता मी सोळा वर्षांची नाही, आणि आईवर कारवाई करायला आई नाही.

"आईचीच आहे," मी म्हणाले. "मीच शिकवलेली आहे. आणि ह्या तारखांना ती इथं नव्हती, ऊस तोडत होती. लिहून घ्या."

साहेबांनी लेखनिकाकडे बघून मान हलवली. लेखनिकानं एक कागद माझ्याकडं सरकवला. वर प्रकरणाचा क्रमांक, मधे सगळं कोरं, खाली माझ्या नावापुढं फुली. "इथं सही करून जा, ताई. मजकूर आम्ही मागून टाइप करतो. सगळे असंच करतात."

मी पेन टेबलावर ठेवलं. म्हटलं, "आधी टाइप करा. मी वाचते. मग सही."

बाहेर रांग होती. साहेब वैतागले, लेखनिक पुटपुटला. मी खुर्ची ओढून बसले. पाऊण तासानं कागद आला. त्यात 'इथं नव्हती' हेच नेमकं राहिलं होतं. परत पाठवला. दुसऱ्यांदा आला तो मी शब्दन् शब्द वाचला, दोनदा वाचला. मग पेन उचललं, आधी वरची रेघ ओढली, आणि तिच्याखाली माझं नाव लिहिलं.